सेल्फ लागत नाही तेव्हा: किनाऱ्यावरच्या मोटारसायकलचा विद्युतदोष कसा शोधावा

किनाऱ्यालगतच्या गावांत मोटारसायकल सुरू होईनाशी झाली की पहिला आळ बॅटरीवर येतो. जुनी बॅटरी दुकानात देऊन नवी बसवली जाते, चार दिवस सेल्फ झकास लागतो आणि पाचव्या दिवशी सकाळी बटण दाबल्यावर पुन्हा तीच ‘टक्’ ऐकू येते. नवी बॅटरी ताजी आणि भरलेली असल्यामुळे गंजलेल्या जोडांमध्ये वाया जाणारे व्होल्टेज ती काही काळ सोसते, एवढेच त्या चार दिवसांचे रहस्य असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही दुरुस्ती होते. बॅटरी कधी खरोखर मेलेली नसतेच असे नाही. परंतु ती मेली आहे की नाही हे ठरवण्यासाठी थोडे मोजमाप पुरते, आणि ते मोजमाप सेल्फचे बटण दाबलेले असताना, म्हणजे बॅटरीवर भार असताना करावे लागते. भाराविना घेतलेला आकडा बहुतेक वेळा दिशाभूल करतो.

खारी हवा नेमके काय करते

मिठाचा गुण असा की हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलेच पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोकणातील हवा बहुतेक वेळ याहून अधिक दमट असते. त्यामुळे वाऱ्याबरोबर येऊन टर्मिनलवर, कपलरच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडाच्या) पिनांवर आणि स्विचच्या पोटात बसलेला मिठाचा पातळ थर, गाडी पडवीत कोरडी उभी असली तरी, आतल्या आत ओला राहतो. तांब्यावर हिरवा, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा आणि लोखंडावर तांबडा असा जो थर चढतो तो याचाच परिणाम होय. मासळीचे क्रेट मागे बांधून बंदरावरून येणाऱ्या गाड्या आणि दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ अशा फेरीबोटींतून रोज खाडी ओलांडणाऱ्या गाड्या या बाबतीत सर्वांत आधी दगा देतात, कारण त्यांच्यावर नुसता खारा वारा नव्हे तर खारे पाणीच उडत असते.

जोडावर चढलेला थर वीज पूर्णपणे अडवत नाही, थोडा अडथळा करतो. आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. दीडशे सीसीच्या आसपासच्या गाडीची सेल्फ मोटर इंजिन फिरवताना ६०-७० अँपिअर सहज ओढते, पहिल्या क्षणी तर त्याहूनही अधिक. गंजलेल्या जोडाचा अडथळा केवळ ०.०३ ओहम असला, तरी ७० अँपिअरला त्या एका जोडात २.१ व्होल्ट खर्च होतात आणि मोटर लुळी पडते. त्याच जोडातून हेडलाइटचे ३ अँपिअर जातात तेव्हा खर्च होतो जेमतेम ०.०९ व्होल्ट, जो डोळ्याला जाणवतही नाही. म्हणून ‘लाइट तर लख्ख आहे, हॉर्न दणदणीत वाजतो, मग सेल्फच का घेत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या जाड वायरीच्या टोकाशी दडलेले असते.

हाताशी काय असावे

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. महागड्या मीटरची गरज नाही. त्याशिवाय इंडिकेटरच्या १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, १० नंबरचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, टॉर्च आणि पेट्रोलियम जेली एवढे साहित्य जमवावे. आपल्या मॉडेलची वायरिंगची आकृती मिळाली तर उत्तमच, कारण वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात.

मीटर हाती घेण्यापूर्वी किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करणारा स्विच) चालू बाजूला आहे, साइड स्टँड वर आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि क्लच पूर्ण दाबलेला आहे याची खात्री करावी. हे सांगणे बाळबोध वाटेल, पण घरातील मुलाने सहज हात लावून बंद केलेल्या किल स्विचपायी गाडी टेम्पोत घालून गॅरेजला नेल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजवाला रंगवून सांगेल.

आवाज ऐकून दिशा ठरवणे

चावी फिरवून बटण दाबावे आणि सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलआड असलेल्या सेल्फ रिलेकडे, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोटरची जाड वीजवाट जोडणाऱ्या स्विचकडे, कान द्यावा. रिले भराभर ‘टिक्-टिक्-टिक्’ असा तडतडत असेल, तर त्याच्यापर्यंत वीज येते पण भार पडताच व्होल्टेज कोसळते, असा अर्थ होतो. दोष बॅटरीत किंवा तिच्या जाड वायरींच्या जोडांत असतो. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन पुढे शांतता पसरत असेल, तर रिलेचे आतले संपर्क, मोटर किंवा मोटरचे अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वाट) यांकडे पाहावे. काहीच आवाज नसेल तर दोष बटण, स्विच, फ्यूज आणि बारीक वायरींच्या बाजूला आहे. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर सेल्फची बाजू सोडून द्यावी आणि प्लग, कॉइल व इंधनपंप यांच्याकडे वळावे. या चार वाटा नीट वेगळ्या ठेवल्या तर अर्धे काम झाले.

बॅटरी आणि जाड वायरी

गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली आणि १२.० किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी असे समजावे. रिकामी बॅटरी आधी चार्ज करूनच पुढचे मोजमाप करावे, नाहीतर पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात. चार्जरचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या एक-दशांशाच्या आसपास ठेवावा. ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.८ अँपिअर पुरतो. ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या मोठ्या चार्जरवर मोटारसायकलची लहान बॅटरी ‘लवकर होईल’ म्हणून लावणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय.

आता दुसऱ्या कोणाला तरी बटण दाबायला सांगून आकडा पाहावा. तो १० व्होल्टच्या आसपास किंवा वर टिकला तर बॅटरी कामाची आहे. मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या खांबांवरच टेकवलेल्या असताना आकडा ८ किंवा ७ पर्यंत घसरला, आणि बॅटरी नुकतीच पूर्ण चार्ज केलेली असली, तर ती खरोखर गेलेली आहे. मग नवी घेण्यात संकोच करू नये. पिना खांबावर टेकवणे आणि वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या चकतीवर टेकवणे यांतला फरक मात्र विसरू नये. बटण दाबलेले असताना खांबावर ११ व्होल्ट आणि त्याला घट्ट भासणाऱ्या चकतीवर ९ व्होल्ट असे दोन आकडे आले, तर गहाळ झालेले २ व्होल्ट त्या दोहोंमधील कागदाइतक्या जाडीच्या थरात खर्च होत आहेत, हे मीटर आपल्याला बोटाने दाखवतो.

हीच युक्ती पुढे नेता येते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या एखाद्या रंग नसलेल्या स्वच्छ बोल्टवर टेकवावी आणि बटण दाबावे. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असला पाहिजे. तो १ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट दोषी आहे. मग एक पिन पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरी सेल्फ मोटरच्या टर्मिनलवर ठेवून तेच करावे. येथे अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते, कारण वाटेत रिलेही असतो. बटण एका वेळी पाच सेकंदांहून अधिक दाबू नये आणि मध्ये मोटरला विसावा द्यावा. मधेच इंजिन सुरू झाले तर मोजमाप तेथेच थांबते, पण अशा वेळी तक्रार करणारा कोणी भेटत नाही.

जोड साफ करताना निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि शेवटी लावावी. उलट क्रम केला तर पॉझिटिव्हवरचा पाना चॅसिसला टेकून ठिणगी उडण्याचा धोका असतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टूथब्रशने घासावी, ते पाणी बॅटरीच्या झडपांत जाणार नाही याची काळजी घ्यावी, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावे आणि पूर्ण सुकू द्यावे. मग खांब आणि चकती दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून बोल्ट आवळावा. पेट्रोलियम जेली त्यानंतर, बाहेरून लावावी. धातू धातूला आधी थेट भिडला पाहिजे. अर्थिंगचा बोल्ट इंजिनवर जेथे बसतो ती जागाही अशीच उघडी करून घासावी, कारण तांब्याची चकती आणि अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन यांच्यामध्ये खारी ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजून पांढरी पूड होते.

एवढे करूनही घट कायम राहिली तर वायरच सोलून पाहावी. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या वायरीच्या टोकापासून दोन-तीन इंच आतपर्यंत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या आढळतात, कारण ओल त्या तारांमधून केशाकर्षणाने आत चढत जाते. नखाने खरवडल्यावर त्या काळ्याच राहतात आणि वाकवल्या की तुटतात. अशा तारेवर डाग देऊ पाहिले तरी कथील धरत नाही. लालसर चकाकणारे तांबे लागेपर्यंत वायर कापावी, नवी चकती दाबून बसवावी आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. दोन टोके पिळून वर काळी टेप गुंडाळणे हा उपाय घाटमाथ्यावर कदाचित वर्षभर चालेल. किनाऱ्यावर ती टेप पाणी धरून ठेवते आणि पहिल्याच पावसात नवा दोष तयार होतो.

एकच ‘टक्’ होते तेव्हा

रिलेच्या दोन जाड टर्मिनलांना स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून सेल्फ फिरवून पाहणे ही गॅरेजमधील सर्रास पद्धत आहे. पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर अशा ठिणग्या पाडण्यापेक्षा मीटर वापरणे शहाणपणाचे ठरते. मीटरच्या पिना त्याच दोन जाड टर्मिनलांवर ठेवाव्यात. बटण न दाबता सुमारे १२ व्होल्ट दिसतील. बटण दाबून ‘टक्’ झाल्यावर आकडा शून्याजवळ आला पाहिजे. ‘टक्’ होऊनही तो १२ च्या जवळच राहिला तर रिलेचे आतले संपर्क जळलेले आहेत, आणि रिले बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

रिले नीट काम करीत असेल, मोटरच्या टर्मिनलवर बटण दाबल्यावर १० व्होल्ट पोहोचत असतील, अर्थिंगची घट मर्यादेत असेल आणि तरीही मोटर ढिम्म असेल, तर मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजले किंवा त्यांची स्प्रिंग गंजून अडकली असे मानावे. मोटरच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलके ठोकल्यावर ती एकदा फिरली, तर निदान पक्के झाले. ब्रशचा संच स्वतंत्र मिळत असेल तर पूर्ण मोटर घेण्याची गरज नसते. मोटर काढली असताना ती जेथे बसते तो भाग घासून घ्यावा, कारण मोटरचे अर्थिंग तिच्या अंगातूनच होते.

काहीच आवाज नसेल तेव्हा

स्पीडोमीटरच्या पॅनेलवरचे दिवेही लागत नसतील, तर मुख्य फ्यूज पाहावा. तो केवळ डोळ्याने पाहून सोडू नये. फ्यूजची तार शाबूत असूनही त्याची पाती हिरवी पडल्यामुळे वीज अडते. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज लावावा. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावून गाडी घरी आणण्याची करामत कधीतरी वायरिंगचा हार्नेसच पेटवते.

दिवे लागतात पण रिले गप्प आहे, असे असेल तर रिलेच्या दोन बारीक वायरींमध्ये टेस्ट लॅम्प लावून बटण दाबावे. लॅम्प लख्ख पेटला आणि रिले वाजला नाही, तर रिलेची कॉइल गेली. लॅम्प पेटला नाही किंवा मिणमिणला, तर मागे मागे जात बटण, क्लचचा स्विच, साइड स्टँडचा स्विच आणि न्यूट्रलचा स्विच तपासावेत. क्लचचा स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो. त्याची बारीक दांडी मिठाने आत अडकून बसते आणि बोटाने दोन-चार वेळा हलवली की मोकळी होते. साइड स्टँडचा स्विच जमिनीपासून वीतभर उंचीवर असल्यामुळे जांभ्याच्या तांबड्या चिखलाने माखलेला असतो, आणि तो गोड्या पाण्याने धुऊन सुकवल्यावरच त्याच्याबद्दल मत बनवावे.

सेल्फचे बटण उघडायचे झाल्यास हँडलखाली स्वच्छ पांढरे फडके पसरून मगच स्क्रू सोडावेत. आत तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग असते. ती एकदा अंगणात उडाली की तिचा शोध बटण दुरुस्तीपेक्षा अधिक वेळ खातो. तांब्याचे दोन संपर्क काळे पडलेले दिसतील. ते बारीक पॉलिश पेपरने हलकेच उजळवावेत, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बटण बंद करावे. कपलरही याच पद्धतीने एकेक उघडून पाहावेत. पावसाळ्यात पडवीत आसरा घेणारे उंदीर हार्नेस कुरतडतात, त्यामुळे टाकीखालच्या वायरींवरही टॉर्च फिरवावा.

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण निकषांनंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. अशा गाडीत चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकू येते. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज, रिले आणि कपलर तपासावेत. इंजिनचा पिवळा दिवा विझत नसेल किंवा ठरावीक तालात लुकलुकत असेल, तर तो दोषाचा संकेत असतो आणि त्याचा अर्थ मॉडेलच्या पुस्तिकेत मिळतो. या गाड्यांत बॅटरी अगदीच उतरली असेल तर ढकलून सुरू करण्याचा आटापिटा व्यर्थ असतो, कारण पंप आणि ईसीयू (इंजेक्शन व ठिणगी सांभाळणारा छोटा संगणक) या दोघांनाही आधी वीज लागते.

प्लगची ठिणगी पाहायची असल्यास प्लग काढून त्याला कॅप लावावी आणि त्याचा धातूचा भाग इंजिनला घट्ट टेकवून, प्लगच्या भोकापासून दूर धरून सेल्फ मारावा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, म्हणून हे अंतर महत्त्वाचे आहे. वायर हवेत मोकळी ठेवून ठिणगी पाहू नये. त्याने सीडीआय (ठिणगी घडवणारी पेटी) किंवा ईसीयू जळू शकतो. ठिणगी निळी आणि कडकडीत असावी. पिवळसर आणि लुळी असेल तर प्लग आणि कॅप बदलून पाहावी. मुसळधार पावसातच गाडी बंद पडते अशी तक्रार असेल, तर रात्री अंधारात सेल्फ मारून कॅपकडे पाहावे. कॅपला तडा असेल तर निळी रेघ तिच्या अंगावरून इंजिनकडे पळताना स्पष्ट दिसते.

चार्जिंग आणि उभी राहिलेली गाडी

बॅटरी चांगली असूनही वारंवार उतरत असेल, तर इंजिन सुरू ठेवून आणि थोडी रेस देऊन तिच्या खांबांवर मीटर लावावा. १३.५ ते १४.८ व्होल्टच्या दरम्यानचा आकडा योग्य होय. १३ च्या खाली राहिला तर मॅग्नेट कॉइल (इंजिनाबरोबर वीज निर्माण करणारी) किंवा रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग), आणि १५ च्या वर गेला तर रेक्टिफायरच दोषी असतो. रेक्टिफायरचा कपलर वितळून तपकिरी झालेला असेल तर आकड्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येते का’ हे पाहण्याची जुनी सवय इंजेक्शनच्या गाडीत कटाक्षाने टाळावी. तिच्या मोबदल्यात ईसीयू जातो.

पुरात बुडालेल्या गाडीचा सेल्फ मात्र कधीही मारू नये. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा बुडालेल्या वाहनांना जो नियम लागू होता तोच एरवीही लागू आहे: सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन जोराने फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवावी, प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्यावे, ऑइल बदलावे आणि प्रत्येक कपलर गोड्या पाण्याने धुऊन सुकवावा.

चाकरमान्यांच्या गाड्यांचे दुखणे निराळे असते. मे महिन्यात वापरलेली गाडी घराच्या पडवीत झाकून ठेवली जाते आणि गणपतीला आल्यावर चावी फिरवली की पॅनेलवर अंधार असतो. घड्याळ, ईसीयू आणि बाहेरून बसवलेला अलार्म मिळून केवळ ३ मिलिअँपिअर ओढत असले, तरी ९० दिवसांत सुमारे ६.५ अँपिअर-तास खर्च होतात, आणि ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीत त्यानंतर सेल्फपुरते काही उरत नाही. इतके दिवस उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही. म्हणून मुंबईला परतण्याच्या दिवशी बॅटरी भरलेली असल्याची खात्री करून निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि तिचे टोक कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावे. घरी कोणी राहत असेल तर महिन्यातून एकदा ती जोडून अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवून आणायला सांगावे. जागेवर पाच मिनिटे चालू ठेवल्याने सेल्फ मारताना खर्च झालेली वीजही पुरती भरून येत नाही, शिवाय एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत हेडलाइट बंद करता येत नसल्यामुळे मंद चालणाऱ्या इंजिनाची बरीचशी वीज तोच खातो.